कापूस भिजेपर्यंत

हॅलो? … हो, मी गेलच बोलतेय. माझ्या घरचा फोन आणखी कोण उचलणार? … बोल बर्नी, पटकन बोल, ओव्हनमध्ये सॉसेज टाकलेत आणि … रडतेयस का तू? … मग नाक कशाला ओढतेयस?

… काय? परत सांग. … पाकीट घेतलंस. सिगरेटचं. वीसचं. … आज? अगं आज बुधवार! अडीच वाजता तुला दवाखान्यात त्या नळीत फुंकायचंय! … तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. मग?

… पेटवलीस का? … खरं सांग. … नुसतं फोडलंय. टेबलावर ठेवलंय. आणि तू त्याच्यासमोर बसून मला फोन करतेयस. वा! पाहुणा आलाय का तो, चहा विचार त्याला!

… अगं ऐक ना. ऐक! डॉक्टरनं काय सांगितलं? सिगरेट सुटली तरच पायाची रक्तवाहिनी दुरुस्त करणार. आज त्या नळीत फुंकलंस आणि धुराचा आकडा चढला, की गेली तारीख जानेवारीवर. तोवर थांबेल का तो अंगठा? अजून निळाच आहे? … जांभळा. छान, प्रगती आहे. आपल्या बाबांचाही जांभळाच होता. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापासून … हो, हो, नाही बोलत. पण तू विसरू नकोस.

… पण एकदम ओढावीशी कशी वाटली? तुझ्याकडं ई-सिगरेटच्या त्या वापरून फेकायच्या नळकांड्या होत्या ना? फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीखाली, चौदा? जूनमध्ये बंदी आली तेव्हा युद्ध लागल्यासारखा साठा केला होतास! … संपल्या. कधी? … सोमवारी. आणि तुझा तो नाक्यावरचा टेरी? तो काउंटरखालून द्यायचा ना, कुजबुजत? … धाड पडली?

… नाही हसत. … बरं, हसले. टेरीवर धाड! त्याच्याकडं पाव कधी ताजा मिळाला नाही, पण गुलाबी नळकांड्या मात्र हव्या तेवढ्या.

… सोप्या? काढली, ओढली, फेकली – हो ना, सोप्याच. तुम्हाला सोप्या. फेकलेलं जातं कुठं, ठाऊक आहे? माझ्याकडं! सहा वर्षं कचरा निवडायच्या पट्ट्यावर उभी आहे मी. बाटल्या येतात, पुठ्ठे येतात, पोरांचे लंगोट येतात, आणि मधेमधे तुमची ही खेळणी. आतली बॅटरी ठणठणीत असते, पाचशेदा चार्ज होईल अशी, आणि चार्जरला भोकच नाही! नवाकोरा बूट घ्यायचा, एकदा घालायचा आणि उकिरड्यावर टाकायचा, त्यातली गत. … फेब्रुवारीत आमच्याकडं आग लागली ती कशानं, सांग? बोटभर नळकांडीनं. दाबयंत्राखाली आली, फुटली, दोन दिवस सगळी शेड धुमसत होती. … 'एकानं काय होतं'? बर्नी, तो पट्टा भरलेला असतो तो तुमच्या 'एकानं काय होतं'नंच.

… आणि चवी काय एकेक! निळी रासबेरी. रासबेरी निळी असते का गं? सत्तावन्न वर्षांची बाई तू, नात शाळेत जाते, आणि तोंडात काय, तर जादूच्या घोड्याचं दूध! … मी नाही, पाकिटावर लिहिलं होतं तसं! डोंबल तुझं!

… बरं, ते राहू दे. दवाखान्यानं फुकट दिलेलं ते पुन्हा पुन्हा भरायचं ई-सिगरेटचं यंत्र? नर्सनं दिलं ना, खोक्यात घालून? … वापरलंस? कधी? … आज सकाळी. महिनाभर ड्रॉवरमध्ये उबवलंस आणि आज सकाळी बाहेर काढलंस. … आणि? … घसा जळाला. जळक्या सतरंजीची चव. … 'नर्सनं नासकं यंत्र दिलं.' हो, नर्सला तेवढाच उद्योग. नाचता येईना, अंगण वाकडं.

… थांब. काय काय केलंस ते सांग. एकेक. … लिक्विड भरलंस. बरं. … झाकण लावलंस. मग? … मग ओढलंस. लगेच? … बर्नी, लगेच?

… अगं बये! त्यात कापूस असतो! … कॉइलमध्ये, तारेभोवती. तो आधी भिजायला नको का? भर, ठेव, दहा मिनिटं हात लावू नको. कोरडा कापूस तापवलास तर जळेल नाही तर काय गुलाबाचा वास येईल? … फेकायच्यात? त्यात तो कारखान्यातूनच भिजून येतो. म्हणून तर तुम्हा लोकांना घेतली की ओढली ही खोड लागलीय. तिकडून इकडं आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी हेच करतो, कापूस जाळतो आणि यंत्राला शिव्या घालतो.

… अवघड कसलं! आईची रॉकेलची शेगडी आठव. गोदीजवळच्या घरातली. नवी वात घातली की बाबा काय म्हणायचे? … हां! 'वात पिऊ दे आधी.' आणि तू एकदा काडी लावलीसच, नाताळात. पडदे काळे, मांजर काळं, आत्याचा कोट काळा. … सहा वर्षांची होतीस, तेव्हा माफ होतं.

… यंत्र आहे कुठं आता? … फेकलंस? … कुठल्या डब्यात, घरातल्या की बाहेरच्या? … बाहेरच्या. अगं बुधवारी तुमच्या गल्लीत गाडी येते! … आली? कुठवर? … कोपऱ्यावर? मग बसलीस काय, ऊठ! पळ! … पाय दुखतोय तर लंगडत पळ! … चार्जरला आहे तर काढ फोन, घेऊन जा! … सपाता असू देत, लग्नाला निघालीस का?

… हॅलो? … हॅलो? कसला आवाज हा? … डबा आडवा केलास? रस्त्यावर? … कोण बघतंय, समोरची मिसेस ओकले? बघू दे. हात कर तिला. … वरच्याच पिशवीत असेल. … तो मासा आहे. शुक्रवारचा? शी! … सापडलं? नक्की तेच ना? … काय म्हणतोय गाडीवाला? … चावट मेला. आमच्याच डेपोचा असणार. चल आत.

… आधी पूस ते. … ओल्या फडक्यानं नाही, कोरड्या! नळाखाली तर मुळीच नको. … खोका कुठाय? … त्यात आणखी एक कॉइल असते, सुटी. बोटाच्या पेराएवढी. … तीच. जुनी फिरवून काढ. … उलट्या बाजूला. … काळी ना? जाळलीस तूच. आता नव्या कॉइलच्या बाजूला भोकं आहेत, आत पांढरं दिसतंय? तो कापूस. त्यावर दोन थेंब टाक. … दोन म्हटलं, अंघोळ नको घालू. … बसव. भर. गळ्यापर्यंत नको. … झालं? आता खाली ठेव. वाजले किती? … एक वाजून बारा. एक बावीसपर्यंत हात लावायचा नाही.

… लाल दिवा? चार्ज नाहीये त्यात. वायर लाव. … एकच वायर आहे घरात? मग फोनला नको, त्याला लाव. … फोनमध्ये किती उरलंय? … आठ टक्के. पुरे झालं. नाही पुरलं तर मरू दे फोन, तो काही पाय वाचवणार नाहीये तुझा.

… नाही, ठेवायचा नाही फोन. तू ठेवलास की हात कुठं जाईल ते मला चांगलं माहीत आहे. बोल काहीतरी. … मग मी बोलते. … हो, मलाही ठाऊक आहे हे काही अमृत नाही. पण यात धूर नाही, नळीतला आकडा चढत नाही; दगडापेक्षा वीट मऊ. पाय होऊ दे, मग हेही सोडायचं. मीही असंच यंत्र ओढत कमी कमी करत आणलंच ना? सिगरेट सोडून चार वर्षं झाली, शिस्तीत. … माझं कौतुक मी नाही करायचं तर कोण करणार?

… मी? दवाखान्यात? मी कशाला येऊ, तुझी फुंकर मोजायला नर्स आहे की. … शेंबडं पोर आहेस का हात धरून न्यायला? बस पकड आणि जा.

… काय? … मला? यंत्र कसं वापरायचं ते मला कधी विचारलंस? … गेल्या महिन्यात. … रविवारी, आमच्याकडं जेवताना. … हं. … हो, आठवलं. … 'पत्रक वाच, कुत्र्यालाही कळेल.' म्हणाले मी. … हसलेही. … सगळ्यांसमोर, हो.

… सांग पुढं, ऐकतेय.

… अक्षर बारीक होतं. … आणि मला पुन्हा विचारायची लाज वाटली तुला. … म्हणून ड्रॉवरमध्ये. … मला वाटलं, नेहमीसारखे बहाणे. … बरं. चुकलं माझं, बर्नी. दोन वाक्यांचं काम होतं, तेवढंही केलं नाही मी. … पुन्हा नाही म्हणणार, एकदा ऐकलंस ना!

… किती झाली? … एक अठरा. अजून चार. … ते पाकीट समोरच आहे का अजून? … उचल. नळापाशी जा. … हो, आत्ता. मला पाण्याचा आवाज ऐकू दे. … हं, येतोय. आता एकेक काढ आणि भिजव. माझ्यासाठी मोठ्यानं मोज. … चार … पाच … महाग आहेत म्हणून रडू नकोस, पाय त्याहून महाग आहे. … अकरा … बारा … मधे थांबू नकोस … अठरा … एकोणीस.

… पुढं?

… बर्नी. विसावी कुठाय?

… बर्नी?

… सकाळीच. जळकी चव गेली नाही म्हणून. … पूर्ण? … पूर्ण. … आणि मला मघाशी 'नुसतं फोडलंय' म्हणालीस.

… नाही, ओरडत नाहीये मी. … खरंच नाही. रडू नकोस. नळ बंद कर, पाणी वाया जातंय. … अगं ऐक. ऐक ना. एक ओढलीस, एकोणीस नाही. आकडा चढेल न चढेल, जो येईल तो येईल. नर्सला आधीच सांग, एक झाली म्हणून. लपवू नकोस. … कशी बघेल म्हणजे? मी बघते तशी नाही बघणार ती, एवढं नक्की.

… थांब. मी सांगते तुला एक. … कुणाला बोलायचं नाही. … माझ्याही झाल्यात. … सिगरेटी! आणखी काय? … चार वर्षांत तीन. एक आईला पुरलं त्या दिवशी, चर्चच्या मागं. एक आग लागली तेव्हा, शेडच्या दारात, वर एवढा धूर असताना मी आणखी एक पेटवली. … आणि तिसरीला काहीच कारण नव्हतं. मंगळवार होता. … रॉयला सांगू? नवऱ्याला? वेड लागलंय का! त्यानं फ्रिजवर कागद लावलाय, 'गेल – चार वर्षं', खाली चांदण्या काढल्यात. रोज दूध काढताना बघते मी तो कागद. … हो. म्हणूनच तुझ्यावर एवढं तोंड टाकते मी. दुसऱ्याला हसलं की आपलं झाकलं जातं.

… किती टक्के? … दोन. वाजले किती? … बावीस! उचल. वायर लागलेली असू दे. हळू ओढ, सिगरेटसारखं हिसकू नकोस. सावकाश. … हं … ऐकू येतंय मला, बुडबुडतंय … खोकतेयस? खोक. पहिल्यांदा येतो. … जळकं लागतंय का? … नाही? नक्की नाही? मग कशासारखं? … पुदिन्यासारखं! अगं पुदिनाच आहे तो, बाटलीवर लिहिलंय! … हसतेयस? हस. आता ते पर्समध्ये घाल, आणि बसनं जाऊ नकोस, मी … हॅलो? … बर्नी? मी येते म्हणत होते … हॅलो?

गेला फोन.

… अरे देवा. रॉय! तू कधीपासून उभा आहेस दारात? … 'विसावी कुठाय'पासून. … हं. … म्हणजे तिन्ही ऐकल्यास. … मंगळवारचीही.

… काढून टाक तो कागद हवा तर. पण आधी गाडीची किल्ली दे. तिला अडीचला पोचवायचंय, आणि नर्सला म्हणते, ही झाली की ती नळी माझ्याकडं दे. … असं काय बघतोस? ओव्हन बंद कर आधी, सॉसेज जळाले.