वीस पडला, पण लागलं कुठे?

...आणि वर पुन्हा मलाच म्हणतात, "प्रेबेन, तुम्ही खेळाचा विचका केलात!" मी? अहो, मी एक साधा प्रश्न विचारला हो! आता तुम्हीच सांगा, एखाद्याने एखाद्याला कुऱ्हाड हाणली की बघणाऱ्याने काय विचारावं? लागलं कुठे, हेच ना? मी जन्मभर विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासले. माणूस शिडीवरून पडो, सायकलवरून पडो, नाताळच्या झाडाला दिवे लावता लावता झाडासकट पडो, समोर येऊन बसला की माझा पहिला प्रश्न... लागलं कुठे? आता निवृत्त झालो म्हणून काय जीभ बदलून घेऊ?

तर झालं काय, घरी बसून बसून मी शेजाऱ्यांच्या कुंपणांची उंची मोजायला लागलो, तेव्हा माझी मुलगी सिग्ने म्हणाली, "बाबा, बास! दर रविवारी दुपारी आमच्याकडे खेळायला यायचं." मला वाटलं पत्ते असतील. ओडेन्सला त्यांच्या घरी जाऊन बघतो तर आमचा जावई येप्पे टेबलाच्या टोकाला पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्याच्यामागे दडून बसलेला! म्हणे तो गोष्ट सांगणार, आणि आपण त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. शेजारची गुनहिल्ड, टपाल वाटते ती, ती झाली होती रानटी योद्धी. सिग्ने धनुर्धारी. मला म्हणाले, तुम्ही पुरोहित व्हा, मंत्र म्हणून जखमींना बरं करायचं. म्हटलं चला, इथेही अपघात विभागच! माझ्या पुरोहिताचं नाव ठेवलं बंधू आन्कर. आणि तुम्हाला सांगतो, त्या आन्करवर जीव जडला हो माझा. शांत, समजूतदार, कुणाला उलटून बोलणार नाही... माझी बायको म्हणाली, हा माणूस तीस वर्षांपूर्वी भेटायला हवा होता.

मारामारी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला की वार लागला, आणि थेट वीसच पडला तर तो क्रिटिकल, डॅमेज दुप्पट. पहिल्याच रविवारी गुनहिल्डला वीस पडला. काय ओरडली बाई! कॉफी सांडली, कुत्रा सोफ्याखाली. येप्पे आडोशावरून डोकं काढून म्हणतो, "राक्षसाला अठराचं डॅमेज!"

मी विचारलं, "पण लागलं कुठे?"

येप्पे म्हणाला, "लागलं म्हणजे... लागलं. अठरा."

"अठरा काय? टाके? बरगड्या?"

"अहो प्रेबेन, त्याच्याकडे जिवाचे तीस गुण होते, अठरा गेले, बारा उरले."

"मग आता लंगडतो का तो?"

"नाही. पहिल्यासारखाच लढतो."

बघा म्हणजे! एक उरला तरी गडी नाचतोय, आणि शून्यावर आला की खलास! असा दावेदार माझ्या समोर आला असता ना, तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता. पण मला खरंच कुतूहल वाटलं हो. इतकी हुशार माणसं, त्यांच्यात डॅमेज दुप्पट म्हणजे फासे दुप्पट टाकायचे की आलेला आकडा दुप्पट करायचा यावरून एकदा असं वाजलं होतं की गुनहिल्ड उन्हाळाभर येप्पेचं टपाल दारापर्यंत आणत नव्हती, फाटकावरच ठेवून जायची... आणि यांच्यापैकी एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही की लागलं कुठे?

मी दर विसाला विचारायचो. शेवटी सिग्नेच वैतागली, "घ्या मग मतदान, आणि सोडवा एकदाचं!" आमच्या देशात तिघं जमले की संघटना होते आणि चौथा आला की सर्वसाधारण सभा, त्यामुळे रीतसर ठराव आला. वीस पडला की आणखी एक फासा टाकायचा, तो सांगेल डोकं की हात, जबडा की गुडघा. आणि ती जखम एका मंत्राने जाणार नाही, बरी व्हायला वेळ घेईल. हात वर! येप्पेने सगळ्यांत शेवटी केला, तोंडात ज्येष्ठमधाची खारट काळी गोळी घोळवत. म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा हं."

कुणाचं लक्ष होतं? त्याच दिवशी गुनहिल्डने एका राक्षसाचा गुडघा फोडला, राक्षस धाडकन आडवा, आणि गुनहिल्डने माझ्या टकलाचा मुका घेतला. मी म्हटलं, प्रेबेन, जिंकलास!

कसलं डोंबल जिंकलं! राक्षसांनाही वीस पडतो ना! आणि गंमत बघा, राक्षसाचा गुडघा फुटला काय, राहिला काय, तो बिचारा दहा मिनिटांत मरणारच असतो. पुढच्या रविवारी दुसरा येतो, कोरे करकरीत गुडघे घेऊन. आमचे मात्र गुडघे तेच, गेल्या रविवारचे! हे मला कळायला नको? मला, विमावाल्याला? महिनाभरात गुनहिल्डच्या योद्धीचा डावा हात कामातून गेला. सिग्नेचा एक डोळा गेला, धनुर्धारीचा हो! आणि आमच्या आन्करला बाण लागला जबड्यात. तोंडच उघडेना. आता मंत्र म्हणणार कोण, माझा काका? तरी मी चिकाटीने विचारलं, "वरचा जबडा की खालचा?" सिग्नेने कडक काळ्या पावाचा तुकडा फेकून मारला मला.

असे आम्ही लुळेपांगळे जाऊन पोचलो एका पुलावर, आणि पुलावर उभा महाकाय. गुनहिल्ड म्हणाली, "ही योद्धी मी येप्पेच्या लग्नाच्या आधीपासून खेळतेय. ही मेली तर मी पुन्हा या टेबलाशी बसणार नाही, आत्ताच सांगून ठेवते." हसत नव्हती ती. येप्पेच्या खेळात मेलेला परत येत नाही, हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत. मी म्हटलं नियम रद्द करा, आत्ताच्या आत्ता. येप्पे म्हणाला, "सभा लढाईनंतर." आणि त्याने आडोसा बाजूला करून सगळ्यांसमोर फासा टाकला. वीस! महाकायाचा सोटा गुनहिल्डवर!

तिने कप खाली ठेवला, आवाज न करता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मध्ये आन्कर येतो."

"नक्की?" येप्पेने विचारलं.

"तोंड बंद आहे त्याचं. पाय चालू आहेत."

दुसरा फासा पडला. डोकं. आन्कर गेला. मागून गुनहिल्डने एका हाताने कुऱ्हाड चालवली, सिग्नेने एका डोळ्याने नेम धरला, महाकाय पुलावरून खाली पाण्यात. कुणी ओरडलं नाही. गुनहिल्डचे डोळे भरलेले. माझेही भरले होते, खोटं कशाला बोलू? पण राहवेना! मी विचारलं, "डोक्याला म्हणजे... पुढून की मागून?"

"बाबा!" "प्रेबेन!!"

मग सभा. सिग्ने म्हणाली, नियम रद्द. गुनहिल्ड नाक पुसत म्हणाली, "मुळीच नाही! इतकी वर्षं मी आकडे अंगावर घेत आले, कुणी कधी मध्ये पडलं नाही. कुठे लागलं ते दिसतच नव्हतं ना कुणाला. राहू दे नियम." येप्पे म्हणाला, राहू दे. मी तावातावाने हात वर केला, "रद्द!" माझा आन्कर गेला होता हो!

"हात खाली घ्या, प्रेबेन," येप्पे म्हणाला. "ज्याचा माणूस मेला त्याला मत नाही."

"हा नियम कधी झाला?"

"तुम्ही यायच्या आधी."

झालं! दोनास एक, ठराव कायम. लगेच पुढची लढाई सुरू, तिघांची डोकी टेबलावर, माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. गुनहिल्डने तेवढा न बघताच कप माझ्यासमोर धरला. मेलेल्याला मत नसतं म्हणे... पण कॉफी त्यानेच करायची! उठलो मग, काय करता? कुणाला साखर हवी ते तेवढं विचारून घेतलं.