व्हिएन्नातला लेडीज डबा

काय गं नसीम, दुबईच्या मेट्रोत बायकांच्या डब्यात पुरुष चढला तर शंभर दिरहम दंड होतो ना? व्हिएन्नाच्या मेट्रोतही मी तेच डोक्यात घेऊन चढले.

"तुम्ही मागच्या डब्यात जा," मी आमच्या ह्यांना म्हटलं. ते बिचारे गेले. पुढच्या रिकाम्या डब्यात मी आणि आमची सना बसलो. तेवढ्यात एक गोरे आजोबा समोर येऊन बसले. मला त्यांची काळजी वाटली.

"सर, ओन्ली लेडीज! बिग फाइन!"

आजोबांनी टोपी उचलून मान लववली आणि ते पुढच्या स्टेशनला उतरून मागच्या डब्यात गेले.

सनाने कपाळाला हात लावला. "मम्मी, देअर इज नो लेडीज कोच हियर!"

उतरल्यावर हे हसतच आले. "आजोबा मला विचारत होते, हा नियम कधीपासून आला?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, आमच्या घरी पंचवीस वर्षांपासून आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा दिसले तर माफी मागायची, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोत आजोबा बायकोला घेऊन आमच्या डब्यात आले, त्यांनी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि ते स्वतः मागच्या डब्यात गेले.