टांग मारायची सवय

एक्स-रेच्या रांगेत माझ्यापुढे बाप आणि त्याची मुलगी बसले होते. बापाचा हात गळ्यात बांधलेला.

"बाबा, कितीदा सांगितलं, आधी सीटवर नीट बसा, मग बटण चालू करा!"

"चाळीस वर्षं मी एक पाय पेडलवर ठेवून, पळवत पळवत टांग मारतोय."

"ती साधी सायकल होती. ही बॅटरीची, हिचं पेडल दाबलं की मोटर पळते!"

"पळालीच. मी मागे राहिलो."

"आणि हेल्मेट?"

"हँडलला होतं. त्याला ओरखडासुद्धा नाही."

"धन्य आहे तुमची!"

"सायकल घरी आणलीस ना?"

"आणायला गेले होते."

"मग?"

आतून हाक आली, "पेशंट कोण?"

"हे. आणि माझाही गुडघा बघा जरा."

"अगं, तू कशी चढलीस?"

"तुम्ही शिकवलंत तशी!"