जूनमध्ये उघडणारं फाटक

ओपल : तो चाकू आधी खिशात घाल, लेरॉय. माझ्या आंब्याला हात लावायचा नाही म्हटलं ना!

लेरॉय : अगं आत्या, बोटभर तर चाकू आहे. एक काडी कापतो, कलम बांधतो, विषय संपला. झाडाला कळणारसुद्धा नाही.

ओपल : मला कळेल.

लेरॉय : वादळात व्हिटकॉम्ब साहेबांच्या बागेतला आंबा मुळासकट आडवा झाला. हे तुझं झाड म्हणजे त्याचंच पोर. आईच्या जागी पोराला बसवायचं, एवढंच.

ओपल : आणि पाटीवर काय लिहिणार तुमची म्युझियमची माणसं?

लेरॉय : 'थोर संशोधक व्हिटकॉम्ब यांचा आवडता आंबा.'

ओपल : आवडता! चाखला होता का कधी? मार्च संपला की तो आणि शेजारचा लॅराबी, दोघेही बिऱ्हाड गुंडाळून उत्तरेला पळायचे. आंबा पिकतो जूनमध्ये. जन्मभर बिचाऱ्याने नुसता मोहोर हुंगला.

लेरॉय : बर्फाचं यंत्र शोधून काढणारा माणूस, आणि उकाड्याला घाबरायचा! हे मी टुरिस्टांना सांगतो. जाम हसतात.

ओपल : आणि रोज झाडाखाली बसून रस ओरपायचा, हेही तूच सांगतोस ना? चर्चमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

लेरॉय : दाढीवरून रस ओघळायचा, असंही सांगतो.

ओपल : त्याला दाढी नव्हती!

लेरॉय : पण ऐकायला बरं वाटतं ना?

ओपल : वात्रट कुठला. तुमचं सगळं गावच तसलं. शाळा व्हिटकॉम्बची, पूल लॅराबीचा, दात काढायचा दवाखानासुद्धा व्हिटकॉम्बचा! आणि फेब्रुवारीत साहेबाच्या वाढदिवसाला आंबा महोत्सव. फेब्रुवारीत! डब्यातल्या गराचा केक कापतात आणि टाळ्या वाजवतात.

लेरॉय : केक मात्र बरा असतो हं.

ओपल : तुझे आजोबा त्या बागेचे माळी होते, लेरॉय. साहेब उत्तरेला गेले की किल्ल्या बाबांकडे. पहिला आंबा पिवळा पडला की बाबा नदीकडचं फाटक उघडायचे. आख्खी आळी आत! मी पहाटेपासून टब घेऊन बाहेर उभी असायचे. साहेबाच्या व्हरांड्यात बसून कोपरापर्यंत रस. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून झाडायचं, धुवायचं. हिवाळा त्यांचा, उन्हाळा आमचा. आता ते फाटक कायमचं बंद, आणि पुढच्या दाराला तिकीट.

लेरॉय : मग तुला पाटीवर आजोबांचं नाव हवंय?

ओपल : पाटी चाटू का मी? मला ते फाटक उघडं हवंय.

लेरॉय : आत्या, तू काडी दिली नाहीस तर आमच्या म्युझियमच्या बाई नर्सरीतलं रोप लावणार. आणि हा तोच वंश, असं मला सांगायला लावणार.

ओपल : तुला काय, तू तर उठल्याबसल्या थापा मारतोस.

लेरॉय : माझ्या स्वतःच्या! दुसऱ्याच्या थापा मी मारत नाही. गाडी आली बघ. आमच्या मोठ्या बाई. जरा गोड बोल.

(मिसेस प्रिचर्ड कुंपणाशी येतात. हातात रिकामी कुंडी आणि ओलं फडकं.)

प्रिचर्ड : नमस्कार, ओपलबाई. लेरॉय म्हणाले, आपली हरकत नाही.

ओपल : थाप मारली त्यानं. एक अट आहे. जूनमध्ये नदीकडचं फाटक उघडायचं. आमच्या आळीसाठी. बिनतिकीट.

प्रिचर्ड : पण जूनमध्ये टुरिस्टच नसतात हो.

ओपल : म्हणजे कुणाची अडचणही नाही.

प्रिचर्ड : मला मंडळाला विचारावं लागेल...

लेरॉय : बाई, नाहीतर नर्सरीचं रोप लावा. मी टुरिस्टांना खरं सांगेन. खरं बोलायची सवय नाही मला, पण शिकेन.

प्रिचर्ड : ही धमकी आहे का, लेरॉय?

लेरॉय : छे! सुधारणा आहे.

ओपल : फाटकाची किल्ली कुणाकडे असते?

प्रिचर्ड : माझ्याकडेच... बरं. वर्षातून एक दिवस. मंडळाची समजूत मी घालते. तारीख कोणती ठरवू?

ओपल : तारीख आंबा ठरवेल. तुम्ही फक्त किल्ली घेऊन या. आणि टब. लेरॉय, बघत काय बसलास? उगवतीकडची फांदी घे, ती जोमदार आहे. हळू! तिरका काप दे.

लेरॉय : निघाली. बाई, ओलं फडकं द्या.

प्रिचर्ड : ओपलबाई, एक मात्र सांगायला हवं. याला फळ धरायला चार-पाच वर्षं तरी लागतील.

लेरॉय : आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे, बाई.

ओपल : मग काय झालं? तोवर माझ्या झाडाचे आंबे टब भरून नेऊ. आणि त्या फाटकापाशी उभं राहून वाट बघायची मला सवय आहे.