सोळा चादरी

काकू : अहो सिस्टर, उभ्यानं काय बोलताय? बसा. पडद्याची ही एवढी शिवण मारून घेते. तुम्ही सांगा, मशीन चालू असलं तरी मला ऐकू येतं.

सिस्टर : बंद केलंत तर बरं होईल, काकू. मला हे एकदाच सांगता येईल.

काकू : एवढं काय आहे? सात वर्षांनी आमच्या दारात पाऊल पडलं तुमचं. निवृत्त झालात म्हणे.

सिस्टर : परवाच. तुमच्या साहेबांबद्दल बोलायचंय. ते आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात पडले त्या दुपारीबद्दल.

काकू : त्यात आता काय सांगायचं राहिलंय? हट्टी माणूस. छापखान्यात फोरमन होते तेव्हापासून तेच. कुणाला हाक म्हणून मारायची नाही. पाण्यासाठी उठले, पडले, खुबा मोडून घेतला. अकरा महिने अंथरुणाला खिळले आणि गेले. डॉक्टरांना त्यांनीच सांगितलं की माझी घाई नडली.

सिस्टर : उठायच्या आधी त्यांनी घंटा वाजवली होती, काकू. तीनदा. मी ऐकली होती.

(शिवणयंत्र थांबते.)

काकू : दुसऱ्या कुणा पेशंटपाशी असाल.

सिस्टर : नाही. कपाटापाशी होते. धुवून आलेल्या चादरींच्या घड्या घालत होते. सोळा चादरी होत्या. काठाला काठ जुळवून सगळ्या घातल्या, आणि मग गेले.

काकू : का पण?

सिस्टर : माझा धाकटा भाऊ छापखान्यात साहेबांच्या हाताखाली होता, अक्षरांचे खिळे जुळवायला. एकदा पिऊन कामावर आला. साहेबांनी सगळ्या कामगारांसमोर त्याला काढून टाकलं. काढलं ते बरोबरच होतं. पण वर म्हणाले, तुझ्यासारख्याला जन्म देऊन तुझ्या आईनं काय मिळवलं? तो घरी आला, चार कपडे पिशवीत भरले आणि गेला. आजतागायत पत्ता नाही. आई दाराकडे बघत बघत गेली.

काकू : तोंडाचे फटकळ होते ते. मीही सोसलंय.

सिस्टर : मी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायचे. मुलांना सांगायचे, मनाला जपा रे, बाकी सगळं तिथूनच उगवतं. आणि स्वतः वीस वर्षं साहेबांना मनात बसवून ठेवलं होतं. भांडी घासताना, रस्त्यानं चालताना त्यांच्याशी भांडायचे. रोज नवीन काहीतरी सुनावायचे. कुणाला दिसत नव्हतं, मग मलाही ते पाप वाटेना. कामावर दिवसातून पन्नास वेळा हात धुवायचे. आत काय साचलंय ते कधी बघितलं नाही. मग एक दिवस तेच माझ्या वॉर्डात आले. तीन दिवस गोळ्या वेळेवर दिल्या, ताप बघितला, वावगं काही केलं नाही. शब्दही बोलले नाही. चौथ्या दिवशी घंटा वाजली आणि मनात आलं, बघू दे थोडी वाट. आमच्या आईनं बघितली तशी. मारायचं नव्हतं हो मला. नुसतं ताटकळत ठेवायचं होतं.

काकू : मला सांगितलं होतं त्यांनी.

सिस्टर : काय?

काकू : वाजवली होती गं मी, म्हणाले. दोनदा म्हणाले. आणि मी काय म्हटलं असेन? वाजवली असतीत तर ती आली नसती का? उगाच त्या बिचारीवर आळ घेऊ नका. त्यानंतर ते त्याबद्दल बोलले नाहीत. मी मात्र कूस बदलून देताना, पाठ पुसताना तेच ऐकवत राहिले. हट्ट नडला तुमचा, आता भोगा. शेवटच्या आठवड्यातसुद्धा. आणि तुम्हाला स्वेटर विणून पाठवला, एवढी सेवा केलीत म्हणून.

सिस्टर : तो अंगाला लावला नाही मी.

काकू : आणि हे सांगायला नोकरी संपायची वाट बघितलीत.

सिस्टर : हो. तेवढी भित्री आहे मी.

काकू : तुमच्या पाळकांना ठाऊक आहे?

सिस्टर : सात वर्षं चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला, आपली लायकी नाही म्हणून, ओठाला न लावता पुढे देत होते, ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांना सांगितलं मग. म्हणाले, देवापाशी रड, तो टाकणार नाही. पण त्या बाईंकडे जाण्याआधी विचार कर. आपल्या डोक्यावरचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवून मोकळी होणार नाहीस ना?

काकू : ठेवलंतच की.

सिस्टर : ठेवलं. पण साहेबांचा हट्ट नडला असंच सगळे म्हणत राहिले. ते खोटं आहे हे सांगणारं माझ्याशिवाय कुणी नाही.

काकू : तुम्हाला घराबाहेर काढावं असं वाटतंय मला.

सिस्टर : जाते मी.

काकू : थांबा. खाली पडले होते तेव्हा काही बोलले का?

सिस्टर : बोलले.

काकू : मग सांगा ना.

सिस्टर : मी उचलायला वाकले. कळ सोसवत नव्हती त्यांना. माझं मनगट धरलं आणि म्हणाले, तुझ्या भावाचं काही कळलं का गं? पहिल्या दिवशीच ओळखलं होतं त्यांनी मला. मी म्हटलं, नाही. त्यांनी डोळे मिटले. मग डॉक्टर धावत आले, तर माझ्यासमोर त्यांना म्हणाले, माझीच घाई.

काकू : चर्चमध्ये सगळे उठले तरी हे गुडघ्यांवरून उठायचे नाहीत. मी कोपरानं ढोसायची. लोक बघतायत, चला. कुणासाठी मागतायत, हे एकदाही विचारलं नाही मी.

सिस्टर : काकू...

काकू : तुम्हाला निदान मी तरी आहे. मी कुणाच्या दारात जाऊ?

(सिस्टर डोळे पुसू लागते.)

काकू : रडू नकोस. तू रडलीस तर तुला गप्प करावं लागेल, आणि ते आज माझ्याच्यानं होणार नाही.

सिस्टर : माफी मागायला तोंड नाही मला.

काकू : मागू नकोस. मागितलीस तर तोंडदेखलं काहीतरी म्हणून बसेन, आणि मग घरभर फिरत राहीन तुला शिव्या देत. तुझ्यासारखी वीस वर्षं. तेवढं आयुष्य आता उरलेलं नाही माझं.

सिस्टर : मग मी काय करू?

काकू : रविवारी आमच्या चर्चमध्ये ये. माझ्या शेजारी बस. बोलू नकोस काही. तुझ्या तोंडाकडे बघायची मला आधी सवय होऊ दे.