सुट्टीवर गेलेला दीपस्तंभ

(वाचनालयाचा बालविभाग. बुटक्या टेबलावर पुठ्ठे, कात्र्या, डिंक. दोघी लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसल्या आहेत.)

भाची : पण मावशी, अख्खा दीपस्तंभ आगगाडीच्या डब्यात मावेल कसा?

ग्रंथपाल : आडवा.

भाची : आडवा घातला तरी डब्याबाहेर जाईल. शिवाय त्याचा पाया खडकात रुतलेला असतो.

ग्रंथपाल : पाया काढून ठेवतो तो. आपण नाही का दारात चपला काढत?

भाची : मुलं विचारतील हं.

ग्रंथपाल : मुलं असलं काही विचारत नाहीत. विज्ञान शिकलेल्या भाच्या विचारतात. तुला पदवी मिळाली, रिकामी आहेस, म्हणून सुट्टीच्या कार्यक्रमाला हात लाव म्हटलं. तू तर दीपस्तंभाची झडतीच घ्यायला लागलीस. पुढं वाच.

भाची : चार शनिवार, एक गोष्ट. दर शनिवारी एक भाग आणि त्याला जुळणारी एक हस्तकला. पहिल्या शनिवारी दीपस्तंभाला जन्मात पहिल्यांदा सुट्टी मिळते, तो सामान बांधतो. मुलांनी करायची पुठ्ठ्याची बॅग. दुसऱ्या शनिवारी तो गाडीत बसतो, म्हणून गाडीच्या खिडक्या. तिसऱ्याला डोंगरावर ऊन खात बसतो, त्याला गॉगल. चौथ्याला आरसे. चांदीच्या कागदाचे. आरसे कशाला गं?

ग्रंथपाल : चांदीचा कागद उरलाय. गेल्या सुट्टीत राजाचे मुकुट केले, त्यातला.

भाची : हे काय कारण झालं?

ग्रंथपाल : वाचनालयात निम्म्या गोष्टी उरल्या म्हणूनच होतात.

भाची : बरं, आणि चौथ्या भागात घडतं काय?

ग्रंथपाल : ते चौथ्या शनिवारी सुचेल.

भाची : म्हणजे गोष्टीचा शेवट तुलाच ठाऊक नाही?

ग्रंथपाल : हळू बोल. लोकांना वाटतं, माझ्याकडे एक जाडजूड पुस्तक आहे आणि त्यातून मी सांगते. वाटू दे की. कुणाचं काय बिघडलंय?

भाची : शेवट तुझ्यावर सोडला. पण हस्तकला मी एखाद्या मुलाकडून करून घेतल्याशिवाय पक्क्या करणार नाही. आपण मोठी माणसं कात्री सरळ चालवतो. मूल बॅगेचं हँडल आतल्या बाजूला चिकटवेल आणि मग बॅग उघडायचीच नाही.

ग्रंथपाल : काल माझंही आतच चिकटलं.

भाची : ते मी लिहून ठेवलंय.

चौकशी : बाई, आत येऊ? बाहेर ‘बंद’ची पाटी आहे, पण दार उघडं आहे. मग नक्की काय समजायचं?

ग्रंथपाल : आली. ही आमची चौकशी. खरं नाव शाळेत वापरते, इथं सगळे चौकशीच म्हणतात. टेबलाशी उभी राहून दिवसभर विचारत असते.

चौकशी : दिवसभर नाही. आई ऑफिसातून घ्यायला येईपर्यंत.

भाची : अगदी वेळेवर आलीस बघ. वय काय तुझं?

चौकशी : नऊ. कशासाठी?

भाची : बस इथं. या चार वस्तू तू करून बघायच्या. मी नुसती बघणार, मदत करणार नाही. चुकलीस तर फारच छान.

चौकशी : चारही आजच?

भाची : कंटाळशील?

चौकशी : नाही, उलट बरंय. शनिवारी तर मला एकच करायला मिळणार. पहिला शनिवार झाला की आम्ही जाणार.

ग्रंथपाल : कुठं, फिरायला?

चौकशी : आईची बदली झालीये. रविवारी सामानाचा ट्रक येणार.

ग्रंथपाल : मला बोलली नाहीस ती.

चौकशी : तुम्ही कुठं विचारलंत? आपल्यात विचारायचं काम माझ्याकडेच असतं.

भाची : घे, ही बॅग. हँडल कुठं लावायचं हे मी सांगणार नाही.

चौकशी : बाहेरच लावणार ना, आत लावून कसं चालेल? आत कोण लावतं?

ग्रंथपाल : असतात काही माणसं. कर तू.

चौकशी : बॅग, खिडक्या, हा गॉगल, हे आरसे. गोष्ट कुणाची आहे?

भाची : ते आधी सांगायचं नसतं.

ग्रंथपाल : एका दीपस्तंभाची. चारातले तीन शनिवार तिचे बुडणार, तेवढं तरी कळू दे.

चौकशी : दीपस्तंभ बॅग घेऊन गेला, गाडीत बसला, गॉगल लावला. मग आरसा त्याला नकोच. आरसे मागं राहिलेल्यांचे असणार. तो नाही म्हणून समुद्रावर काळोख झाला, तेव्हा लोक किनाऱ्यावर कंदील आणि आरसे घेऊन उभे राहिले. बोटींना दिसावं म्हणून. हो ना?

भाची : मावशी, कंदिलामागं आरसा धरला तर उजेड खरंच लांब जातो. दीपस्तंभात तेच तर असतं.

ग्रंथपाल : अरे वा. म्हणजे माझा चांदीचा कागद वाया नाही गेला.

चौकशी : म्हणजे तो परत येत नाही.

ग्रंथपाल : असं कोण म्हणालं?

चौकशी : आला असता तर लोकांना रोज आरसे धरायला कशाला लागले असते? आणि शेवटी तुम्ही परत बॅगच करायला दिली असती. आरसे दिलेत.

भाची : समोर जे आहे त्यावरून तरी निष्कर्ष बरोबर आहे.

ग्रंथपाल : तू जरा गप्प बस.

चौकशी : बाई, त्याची सुट्टी आहे की बदली?

ग्रंथपाल : म्हणजे गं?

चौकशी : सुट्टीवर गेलेला परत येतो. बदली झालेला येत नाही, त्याच्या जागी दुसरं कुणीतरी येतं. आमच्या घरात आता राहायला येणारे परवा घर बघून गेले. त्यांच्या मुलानं माझ्या खोलीच्या खिडकीची कडी लावून बघितली, काढून बघितली, परत लावली. घट्ट बसते म्हणाला.

भाची : तू काय म्हणालीस?

चौकशी : थोडी उचलून लाव म्हटलं. काय करणार, त्यालाच लावायची आहे आता. बाई, सांगा ना शेवट. मी कुणाला सांगणार नाही. इथं नसेनच मी सांगायला.

ग्रंथपाल : सांगायचा प्रश्न नाही, बाळा.

भाची : तिला ठाऊकच नाही शेवट.

ग्रंथपाल : झालं. पोटात राहील तर शपथ.

भाची : जाताना तिला खोटी माहिती द्यायची नाही मावशी, मला नाही पटत.

चौकशी : ठाऊकच नाही? आणि मागच्या सुट्टीत राजानं मुकुट विकून होडी घेतली, ते?

ग्रंथपाल : ते मी जिना चढता चढता जुळवलं.

चौकशी : मी त्याचं पुस्तक शोधत होते. खालचे दोन्ही कप्पे बघितले. वरच्या कप्प्याला हात पोचत नव्हता, म्हणून मला वाटलं तिथं असेल.

ग्रंथपाल : म्हणून ते स्टूल ओढून नेलं होतंस होय. आणि मी तुला रागावले.

चौकशी : चालतं. वरच्या कप्प्यात मला सील नावाच्या भुंकणाऱ्या प्राण्याचं पुस्तक मिळालं.

भाची : मावशी, एक सुचवू? शेवट पहिल्या शनिवारी सांग.

ग्रंथपाल : डोकं ठिकाणावर आहे ना? शेवट आधी सांगितला तर पुढचे तीन शनिवार कोण फिरकेल?

भाची : सगळे येतील. आमच्याकडे कामाची सुरुवात नेहमी अशीच होते. आधी काय झालं ते दिसतं, मग ते का झालं ते शोधत बसायचं. त्यातच सगळी मजा. एकदा मी एका बुरशीमागं अख्खं वर्ष घालवलं.

ग्रंथपाल : तुझी आई सांगत होती. जेवताना त्याच गप्पा असायच्या म्हणे.

चौकशी : पहिल्या शनिवारी मी असेन. काय होतं मग पहिल्या शनिवारी?

ग्रंथपाल : थांब, जुळवू दे. इथं जिनाही नाही. हं. सकाळी कोळी होड्या काढायला येतात, आणि बघतात तर काय, दीपस्तंभ आपल्या जागेवर. उन्हानं रंग उडालेला, डोळ्यावर गॉगल, पायाशी बॅग. सगळे विचारतात, अरे होतास कुठं इतके दिवस? तो नुसता लुकलुकतो.

चौकशी : दिवसासुद्धा?

ग्रंथपाल : आनंद झालाय त्याला. कशाला अडवायचं?

भाची : बॅग पहिल्याच शनिवारी राहिली, हे बरं झालं. पुठ्ठे कापून झालेत. दुसऱ्या शनिवारी आरसे : तो नव्हता तेव्हा किनाऱ्यावरच्यांनी काय केलं. मग उरले दोन, खिडक्या आणि गॉगल. तो कुठं गेला आणि तिथं काय बघितलं.

चौकशी : म्हणजे शेवट मला कळला आणि मधलं कळणार नाही.

ग्रंथपाल : मधलं मलाही कुठं कळलंय? मी काही या गावाबाहेर फारशी गेले नाही. तू जातेयस ना. मग तू कळवायचंस. गाडीच्या खिडकीतून काय दिसलं, नवीन जिना कसा आहे, शेजारी कोण निघालं. मी ते दीपस्तंभाच्या नावावर खपवते.

भाची : पण शनिवारच्या आधी दोन-तीन दिवस तरी. डिंक वाळायला वेळ लागतो आणि खिडकीत काय चितारायचं ते ठरवावं लागेल.

चौकशी : आणि तिथं काहीच नसेल तर? नुसता कंटाळा आला तर?

ग्रंथपाल : तर दीपस्तंभाला कंटाळा आला. समोर बसलेल्या पोरांना सुट्टीत दुसरं काय येतं? ती म्हणतील, हा आपल्यातला.

चौकशी : तो माझ्यामुळे कंटाळला हे त्यांना सांगायचं नाही.

ग्रंथपाल : जाडजूड पुस्तकात आहे म्हणून सांगेन.

भाची : बॅग झाली का? बघू. हँडल बाहेर आहे, छान. पण ही उघडत नाहीये.

चौकशी : ती मी मुद्दाम चिकटवली. आत आरसा आहे. लागला तर असू दे म्हटलं.

भाची : हे मला कुठं लिहायचं तेच कळत नाही. चूक म्हणून की काय म्हणून.

चौकशी : आई आली खाली. हॉर्न वाजला. बाई, तिनं एक काम सांगितलं होतं. विसरले नव्हते, शेवटी करायचं ठरवलं होतं. हे वाचनालयाचं कार्ड. परत देऊन ये म्हणाली.

भाची : हो, नियम आहे तसा. गाव सोडून जाणाऱ्यांनी कार्ड जमा करायचं.

ग्रंथपाल : नियम मला नको सांगूस, मीच लिहिलाय. चौकशी, बदली कुणाची झालीये म्हणालीस?

चौकशी : आईची.

ग्रंथपाल : मग आईला सांग, तिचं कार्ड असेल तर जमा कर. हे तुझं आहे.