प्लास्टरचा इंडिकेटर

बायको : हे चपलांचं दुकान मघाशीही गेलं ना रे?

नवरा : हो, आणि त्याच्या आधीही एकदा. दुकानदार आता ओळखीचं हसायला लागलाय.

बायको : गप्प बस! मला समोर बघू दे.

नवरा : अगं, पण या गोल चौकातून बाहेर पडायचंय, की इथेच संसार थाटायचाय?

बायको : कशी पडू? कधीचा इंडिकेटर देतेय, कुणी ढुंकून बघत नाही. आपल्या देशात, आपल्या गावात मला बघूनच लोक बाजूला व्हायचे.

नवरा : घाबरून!

बायको : न्हाणीघरात घसरून हात कुणी मोडून घेतला? तू चालवत होतास तोवर बरं होतं.

नवरा : तो पुढचा टॅक्सीवाला बघ. इंडिकेटर-बिंडिकेटर काही नाही. खिडकीतून नुसता हात काढला, तर मागची बस थांबली!

बायको : मग काढ की! बाहेरच्या बाजूला तूच बसलायस.

नवरा : या बाजूचा हात प्लास्टरमध्ये आहे.

बायको : उत्तम. लांबूनही दिसेल. काढ!

नवरा : आई गं... काढला. अगं, थांबला! ट्रकवाला चक्क सलाम ठोकतोय. घे, घे, घे!

बायको : घेतली! सुटले बाई एकदाची!

(हॉस्पिटलच्या फाटकापासून वळून, परत त्याच चौकाच्या तोंडाशी.)

नवरा : बघितलंस ना फाटक? सोमवारपासून तिथल्या लॅबमध्ये तू.

बायको : अजून हो कुठे म्हटलंय? आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. खरं सांगू? इथे आल्यापासून घरात बसून जीव आंबलाय माझा. ही नोकरी हवीय रे मला. पण या चौकापायी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

नवरा : मी येईन रोज, प्लास्टर घेऊन.

बायको : जन्मभर ठेवणारेस का ते?

नवरा : बरं, आता आत घुसायचंय. काढू हात?

बायको : काय उपयोग? गाड्या माझ्या बाजूने येतायत.

नवरा : मग?

बायको : मग काय, काच खाली करते.

नवरा : असा लाजत नको. मला गप्प करतेस ना, तसा काढ.

बायको : असा?

नवरा : अस्सा! बस थांबली. अगं, मागचे सगळेच थांबले!

बायको : थांबले रे! माझ्यासाठी थांबले! आता कडेकडेनेच राहते. मघाशी घाबरून गाडी चौकाच्या आतल्या रांगेत नेली, म्हणून अडकले.

नवरा : वा! आता दुकानदाराला चुकल्यासारखं होणार.

बायको : होऊ दे. तू माझा फोन घे आणि हॉस्पिटलला ‘हो’ कळव. माझे दोन्ही हात कामात आहेत.